सुरक्षा सप्ताहाचे दहा फोटो

आमच्या शाळेत वाचनालय आहे आणि त्यात पुस्तकंही आहेत. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्याच खोलीत स्नेहसंमेलनाचे पुठ्ठ्याचे मुकुट आहेत, पोषण आहाराचा वजनकाटा आहे, पाय मोडलेले चार बाक आहेत आणि मी आहे. मी दीपिका चुरी, ग्रंथपाल. अठरा वर्षं अर्धवेळ होते, गेली चार वर्षं पूर्णवेळ. पूर्णवेळ झाल्यावर मान वाढेल असं वाटलं होतं. वाढलं काय, तर जे दुसऱ्या कुणाला नको ते काम. शिष्यवृत्तीचे अर्ज मी भरायचे, आधारकार्डावरच्या चुका मी निस्तरायच्या, जंताच्या गोळ्या मी वाटायच्या. आमचे मुख्याध्यापक विनोद संखे सर येईल त्याला सांगतात, "चुरी मॅडमना द्या, त्या रिकाम्याच असतात."

शाळा बोईसरहून समुद्राकडे जाताना कुंभवली ओलांडली की लागते. निम्मी मुलं कारखान्यातल्या कामगारांची, निम्मी नवापूर-दांडीच्या मच्छीमारांची. वारा कारखान्यांकडून आला की मुलं नाकाला रुमाल लावतात. वारा समुद्राकडून आला की आमचे कॉम्प्युटरचे मनीष सर लावतात.

तर डिसेंबरात वरून परिपत्रक आलं, की सायबर सुरक्षा सप्ताह साजरा करा. साजरा हा शब्द त्यांचाच. परिपत्रक तीन पानांचं, त्यातली अडीच पानं फोटोंबद्दल. एकूण दहा फोटो हवेत, प्रत्येकावर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश उमटलेले हवेत, मागे बॅनर हवा, विद्यार्थ्यांचे चेहरे स्पष्ट दिसायला हवेत. फोटो शाळेच्या फेसबुक पानावर टाकायचे आणि त्याची लिंक पाठवायची. सुरक्षा नेमकी कशी शिकवायची, याला चार ओळी होत्या आणि चौथी ओळ 'इत्यादी'वर संपत होती.

संखे सरांनी निबंध स्पर्धा लावली. विषय, मोबाईल वापरताना घ्यायची काळजी. पहिली आली नववी अ मधली उन्नती तामोरे. मीच तपासला तो निबंध. छान लिहिला होता पोरीने, घोकंपट्टीचा वास नव्हता. त्यात एक वाक्य होतं, "अनोळखी माणसाला आपलं नाव, गाव आणि शाळा कधीही सांगू नये." संखे सरांना ते इतकं आवडलं की बक्षीस समारंभात त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं.

मग तिला स्टेजवर उभं केलं, हातात प्रमाणपत्र दिलं, चेहरा नीट दिसावा म्हणून कपाळावरची बट मागे करायला लावली आणि फोटो काढला. मनीष सरांनी तो शाळेच्या पानावर टाकला. खाली ओळ लिहिली: प्रथम क्रमांक, कु. उन्नती कमलाकांत तामोरे, इयत्ता ९ अ, नवापूर. त्याखाली शाळेचं नाव आणि नकाशा. पोरीने नाव, गाव, शाळा सांगू नये असं लिहिलं होतं, तर आम्ही तिच्या वतीने तिन्ही सांगून टाकलं. त्या फोटोत मी तिच्या शेजारी टाळ्या वाजवतेय. चांगल्या जोरात वाजवतेय.

आता वाचनालयातली एक गोष्ट सांगते, जी संखे सरांना माहीत नाही. सगळ्यात खालच्या फळीवर मत्स्यव्यवसायाचा एक जुना सरकारी अहवाल आहे. उशाला घ्यावा एवढा जाड. बावीस वर्षांत तो कुणी घरी नेला नाही. सात-आठ वर्षांपूर्वी धूळ झटकताना त्यातून एक चिठ्ठी पडली. कुणा मुलीने विचारलं होतं, पाळी चुकली म्हणजे काही आजार असतो का. नाव नव्हतं. मी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिलं आणि चिठ्ठी परत अहवालात ठेवली. दोन दिवसांनी चिठ्ठी गेली आणि दुसरी आली. तेव्हापासून हे चालू आहे. नाव लिहायचं नाही, मी विचारायचं नाही. अक्षर मी ओळखते, बावीस वर्षं वह्या बघतेय मी. पण ओळखलं असं दाखवत नाही. ती मुलगी समोर आली तरी मी नुसता पुस्तकावर शिक्का मारते.

जानेवारीतल्या एका सोमवारी चिठ्ठी आली. "मॅडम, कोणी आपला फोटो घाण करून टाकला तर तो किती दिवस राहतो? पोलीस घरी येतात का? शाळेतून नाव काढतात का? शुक्रवारच्या आधी सांगा."

अक्षर निबंधातल्या पहिल्या क्रमांकाचं होतं.

आजवर मी फक्त उत्तर लिहीत आले होते, बोलावलं कुणालाच नव्हतं. त्या दिवशी माझाच नियम मी मोडला. मागे लिहिलं: "नाव काढत नाहीत. फोटो काढता येतो. यात तुझी चूक नाही. त्या माणसाला काही पाठवू नकोस, फोनमधलं काही पुसू नकोस. उद्या मधल्या सुट्टीत नवीन पुस्तकांना नंबर चिकटवायला मला माणूस हवंय."

मंगळवारी ती आली. डबा न खाताच आली होती. मी तिला लेबलं आणि डिंक दिला, कारण हाताला काम असलं की तोंड सुटतं. पाच पुस्तकांना नंबर चिकटले. सहाव्याला म्हणाली, "मॅडम, ती हेतल नाय. कोन हाय मला म्हायत नाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. बक्षिसाचा फोटो पानावर आल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या आईच्या फोनवर, जो अभ्यासाला हिच्याकडे असतो, त्यावरच्या हिच्या फेसबुक खात्यावर हेतल नावाच्या मुलीचा मेसेज आला होता. मी पण पालघरच्या शाळेत निबंधात पहिली आले, तुझं अभिनंदन, तू नवापूरची ना? उन्नतीला वाटलं, स्पर्धेतल्या मुलीशिवाय हे कुणाला माहीत असणार? दोघींची मैत्री झाली. अभ्यास, मास्तर, केसांचे क्लिप असल्या गप्पा. मग हेतल म्हणाली, आमच्याकडे संमेलनात कोळी नाच आहे, तुझा लुगड्यातला फोटो पाठव, तसंच नेसेन. हिने पाठवला. गेल्या शनिवारी हेतलकडून एक फोटो आला. चेहरा उन्नतीचा, बाकी सगळं दुसऱ्या कुणाचं, कसल्याशा ॲपने जोडलेलं. खाली लिहिलं होतं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुझा खरा असाच फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या शाळेच्या पानावर टाकीन आणि नवापूरच्या घराघरात पोचवीन.

"बघा," म्हणत तिने फोन पुढे केला.

"नाही बघणार," मी म्हटलं. "मला बघायची गरज नाही. त्याचा स्क्रीनशॉट कुणी काढायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. हा फोन आहे तसा पोलिसांकडे जाणार."

ते ऐकून तिला रडू फुटलं. तिने मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. एकतर त्याला हवा तसा फोटो पाठवून मोकळं व्हायचं. नाहीतर गुरुवारपासून शाळाच सोडायची आणि आईबरोबर मासळीला बसायचं, म्हणजे शाळेच्या पानावर काहीही आलं तरी तिथे आपण नसू. नववीतली पोर, वर्गात पहिल्या पाचात, आणि तिने स्वतःसाठी ही दोन दारं शोधली होती. मला त्या माणसाचा राग आला तो आलाच. पण त्याला इतकं नेमकं कुणी सांगितलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

"उन्नती, तू तर दांडीची ना गं?"

"हो."

"मग हा सारखं नवापूर का म्हणतो? तू त्याला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, चूक दाखवली तर हेतलला वाईट वाटंल."

हे बघा, माझं सगळं आयुष्य असल्या चुका पकडण्यात गेलंय. तीन मुलांच्या प्रकल्पात एकच चुकीची तारीख आली, की तिघांनी कुठल्या गाईडातून उतरवलं ते मी डोळे मिटून सांगते. दांडीच्या मुलीला नवापूरची म्हणणारं जगात एकच ठिकाण होतं. आमचं फेसबुक पान. मनीष सरांनी गाव चुकीचं टाकलं होतं आणि या सैतानाने ते जसंच्या तसं उतरवलं होतं. मला मनीष सरांचा असा संताप आला की विचारू नका. तिला वर्गात पाठवलं आणि मी तरातरा ऑफिसात गेले.

संखे सर चहा पीत होते. मी नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा खिडकी लावली, मग दार लावलं.

"मॅडम, आपल्या शाळेत असलं होत नाही."

"झालंय सर."

"कसं होईल? आपण सप्ताह घेतला ना!"

मी म्हटलं, पानावरचे मुलींचे सगळे फोटो आत्ता काढा. काढण्याआधी त्या पोस्टची लिंक आणि तारीख लिहून ठेवा, पोलिसांना लागेल. पोलीस हा शब्द ऐकून त्यांनी चहा बाजूला ठेवला.

"फोटो काढले तर सप्ताह झाला याचा पुरावा काय? परवा गुरुवारी तपासणी आहे. लिंक उघडली नाही तर मी काय दाखवू, तुमचं कपाळ?"

"माझं कपाळ दाखवा. पण मुलीचं दाखवू नका."

मग ते मऊ झाले. मऊ झाले की ते जास्त धोक्याचे असतात. म्हणाले, शाळेचं नाव आहे, मुलीचं भविष्य आहे, समाज कसा आहे तुम्हाला माहीत आहे, तपासणी होऊ दे, शुक्रवारी आपण शांतपणे समिती बसवू. शुक्रवारी! त्या हलकटाने शुक्रवार दिला होता आणि आमच्या मुख्याध्यापकांनीही शुक्रवारच दिला.

मी वाचनालयात गेले आणि कायद्याची पुस्तिका घेऊन परत आले. मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा तो कायदा, पॉक्सो. ती आमच्याकडे दोन प्रतींत आहे, दोन्ही कोऱ्या करकरीत. मी वाचून दाखवलं, की असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संखे सर म्हणाले, "हे आपल्या वाचनालयात आहे?"

"२०१४ पासून आहे. तुम्हीच सही करून घेतलंय."

ते तरीही का-कू करत राहिले. तेव्हा मी शेवटचा उपाय काढला. शाळेत तोंडी सांगितलेली गोष्ट कुणी मोजत नाही. तिला आवक क्रमांक पडला की मात्र ती जिवंत होते आणि माणसांना झोप लागत नाही. मी अर्ज लिहूनच आणला होता. मुलीचं नाव नाही, फक्त 'एक विद्यार्थिनी', तारीख, वेळ आणि खाली 'मुख्याध्यापकांना तोंडी कळवले'. म्हटलं, याला नंबर घाला आणि मला पोच द्या. सरांनी त्या कागदाकडे असं पाहिलं, जसा मी टेबलावर फुरसं सोडलंय. आणि मनीष सरांना हाक मारली.

मनीष सर आले, सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मी तर वाटच बघत होते. म्हटलं, "नवापूर कुठून आणलंत तुम्ही? निदान गाव तरी नीट विचारायचं!"

त्यांनी खिशातल्या डायरीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. विजेत्यांची यादी. नाव, वर्ग, गाव. अक्षर माझं होतं.

आठवलं सगळं. मनीष सर घाईत आले होते, नावं द्या म्हणाले होते. मी वाचनालयाच्या सभासद नोंदवहीतून भराभर उतरवून दिली. उन्नती पाचवीत होती तेव्हा नवापूरला मामाकडे राहायची. नोंदवहीत तेच गाव राहून गेलं होतं. गाव कुणी मागितलंही नव्हतं. नोंदवहीत रकाना होता म्हणून मी भरला. सात-आठ वर्षं मी मुलांच्या चिठ्ठ्या जपते म्हणून स्वतःची पाठ थोपटत होते, आणि पोरीचा पत्ता मीच बाजारात दिला. तो जुना निघाला, हे तिचं नशीब. मला इतकी लाज वाटली की मनीष सरांच्या तोंडाकडे बघवेना. आणि ते बिचारे मला पाणी देत होते.

अर्जाला आवक क्रमांक पडला. मनीष सरांनी लिंक लिहून घेतल्या आणि माझ्यासमोर पान बंद केलं.

शाळा सुटल्यावर उन्नतीला मी विचारलं, तुझ्या घरी मी आले तर चालेल का. ती म्हणाली, "बाबा दर्यावर हायत, गुरुवारी येतील. आयला तुमीच सांगा, माझी जीभ नाय उचलनार." मग आम्ही दोघी दांडीला गेलो.

तिची आई वत्सलाताई बांबूंवर वाळलेले बोंबील उतरवत होती. तिने मला बसायला पाट दिला, चहा ठेवला, आणि मी बोलत असताना एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मी घाबरले होते. मला वाटलं, आता ही पोरीला मारणार, फोन फोडणार, शाळा बंद करणार. ते होऊ नये म्हणूनच तर मी आले होते. सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं.

"फोटू कोनी टाकला?"

"शाळेने," मी म्हटलं. मग सांगितलं, "नाव-गाव मी लिहून दिलं होतं."

तिने हातातले बोंबील टोपलीत टाकले.

"मॅडम, आमी मासली वालत घालतो ना, तिच्यावर पन जालं टाकतो. कावले येतात म्हनून," ती म्हणाली. "तुमी शिकलेली मानसं. तुमी आमच्या पोरी तशाच मांडल्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पोरीला जवळ ओढलं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुजी साला सोडायची नाय. ज्यानं केलं त्यानं सोडावं."

रात्रीचा स्वयंपाक तसाच टाकून तिने १९३० ला, सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकाला, फोन लावला. मी शेजारी बसून कागदावर मुद्दे लिहून देत होते, बोलत ती होती. बुधवारी सकाळी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या बाई अधिकाऱ्यांनी उन्नतीला आधी पाणी दिलं आणि एक महिला पोलीस गणवेश बदलून साध्या कपड्यात येऊन तिच्याशी बोलली. उन्नतीला ते सांगणं सोपं गेलं नाही. तीनदा थांबली. पण तिने सांगितलं. तो फोटो इंटरनेटवर कुठे चढू नये म्हणून अठराच्या आतल्या मुलांसाठी सोय असते, तिथेही नोंद झाली. हेतलचं खातं बंद पडलं. तो माणूस कोण, कुठला, हे पोलीस अजून शोधतायत. त्याचं नाव हेतल नाही, एवढं मी छातीठोक सांगते.

गुरुवारची तपासणी मस्त झाली. पाहुण्यांनी पोहे खाल्ले. पान का उघडत नाही विचारल्यावर संखे सर म्हणाले, "सुरक्षेच्या कारणास्तव." आयुष्यात पहिल्यांदा ते खरं बोलले, आणि तेही चुकून.

शुक्रवारी दुपारी उन्नतीचे बाबा, कमलाकांत तामोरे, वाचनालयात आले. काळा, रुंद माणूस, आदल्या संध्याकाळी बोट लागलेली, डोळे लाल. म्हणाले, "संध्याकालपर्यंत बसलो तर चालंल ना? पोर म्हनते, सुक्रवार गेला की झालं." मी पाय मोडलेल्या बाकांतला त्यातल्या त्यात बरा दिला. उन्नती तासाला होती. दर तासाच्या घंटेला दारातून डोकावून बाबा आहेत ना बघून जात होती.

बसून बसून माणूस कंटाळला. खाली वाकून फळीवरचा एक ग्रंथ ओढला. मत्स्यव्यवसायाचा अहवाल! बावीस वर्षांत पहिला वाचक मिळाला तो हा. चष्मा लावून ते पानं उलटू लागले. "हे पापलेटाचे आकडे खोटे हायत," असं एकदा पुटपुटले. मग पान उलटताना त्यांचा हात थांबला. आत घडी घातलेली चिठ्ठी होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिक्का हातात धरून बसले होते, मारत नव्हते.

"ही माज्या पोरीची?"

"नाही. तिची मी काढून ठेवली."

"मंग दुसऱ्या कुनाच्या पोरीची असंल," ते म्हणाले. चिठ्ठी न उघडता होती त्या पानात ठेवली, अहवाल मिटला आणि हाताने वरची धूळ पुसून खालच्या फळीवर होता तिथे सरकवला. मग सहा वाजेपर्यंत नुसते बसून राहिले. सहाला उन्नती आली. काहीही झालं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, सोमवारी गनिताचा पेपर हाय." ते म्हणाले, "मंग चल, जेव नि अभ्यास कर." माझे डोळे भरून आले. मी वजनकाट्याकडे तोंड करून ते पुसले.

एवढ्यावर ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण परिपत्रक काढणारी माणसं असं सहजासहजी कुणाला सोडत नाहीत. फेब्रुवारीत वरून संदेश आला: आपल्या शाळेची लिंक उघडत नाही. सायबर सुरक्षा सप्ताहाचे फोटो ग्राह्य धरलेले नाहीत. नव्याने कार्यक्रम घेऊन फोटो दोन दिवसांत पाठवावेत.

संखे सर धावत माझ्याकडे आले. या वेळी रिकाम्या असता असं म्हणाले नाहीत. मी म्हटलं, घेऊ कार्यक्रम. घेतलाही, खरा. मुलांना दीड तास बसवून शिकवलं, की तुमच्याबद्दल सगळं माहीत असलेला अनोळखी माणूस ओळखीचा होत नाही. धमकी आली तर काही पाठवायचं नाही, काही पुसायचं नाही, एका मोठ्या माणसाला सांगायचं. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. १९३० आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे नंबर पाठ करून घेतले. आणि आमची चूकही सांगितली. कुणाचं नाव न घेता, पण शाळेची म्हणून सांगितली. मोठी माणसं चुकतात हे त्यांना ठाऊक असतं, ती कबूल करतात हे नवीन होतं. तेव्हापासून अहवालात चिठ्ठ्या दुप्पट येतात. सभासद नोंदवहीतला गावाचा रकाना मी काळ्या शाईने रंगवून टाकला.

मग फोटो. मैदानावर नववीच्या दोन्ही तुकड्या उभ्या केल्या. समोर बॅनर, बॅनरकडे मुलांची तोंडं, आणि कॅमेरा मागे. बावन्न मुलांच्या पाठी. तारीख आहे, वेळ आहे, अक्षांश-रेखांश आहेत. संखे सरांनी कपाळाला हात लावला, पण पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "फोटोत विद्यार्थ्यांचे चेहरे स्पष्ट दिसत नाहीत. कोणता विद्यार्थी कोण हे ओळखता येत नाही. सुधारित फोटो आजच पाठवावेत."

"आता?" संखे सरांनी विचारलं.

मी त्या संदेशाची प्रिंट काढली, त्याला आवक क्रमांक घातला आणि वाचनालयाच्या दारावर लावली, शेजारी तो फोटो. मुलं येता-जाता आपापली पाठ शोधत असतात आणि भांडत असतात, ही मी, ती तू. उन्नतीही परवा थांबली होती. दुसऱ्या रांगेतल्या एका वेणीवर तिने बोट ठेवलं, माझ्याकडे बघून हसली आणि कुणी यायच्या आत बोट काढून घेतलं.